तुम्ही विचारलेत म्हणून: सॉक्रेटिस कोणाच्या बाजूचा?

मी ग्रीक तत्त्वज्ञान वाचतो हे कळल्यावर पुष्कळजण एकच प्रश्न विचारतात: शब्दाचा अर्थ निसर्गतःच ठरलेला असतो की माणसांनी आपसांत ठरवलेला, आणि प्लेटोने निकाल कोणाच्या बाजूने दिला? हा वाद ‘क्रॅटिलस’ या संवादात आहे आणि तिथे सॉक्रेटिस दोन्ही पक्षांना अडचणीत आणतो. तरी त्याचा कल मला एका अक्षरावरून समजला.

संवादात सॉक्रेटिससमोर वाद घालणारे दोघे आहेत, हर्मोजिनीस आणि क्रॅटिलस. हर्मोजिनीसच्या मते नाव हा निव्वळ संकेत, म्हणजे माणसांनी आपसांत ठरवलेली गोष्ट आहे; गुलामाचे नाव बदलले तर नवे नाव जुन्याइतकेच योग्य ठरते. क्रॅटिलस मात्र त्याला ऐकवतो की साऱ्या जगाने हाक मारली तरी तुझे नाव हर्मोजिनीस नव्हेच. सॉक्रेटिसला यात चेष्टा दिसते, कारण हर्मोजिनीस म्हणजे ‘हर्मिसचा वंशज’, हर्मिस हा धनलाभाचा देव आणि या वंशजाच्या हाती पैसा काही लागत नाही. पण हर्मोजिनीसचे म्हणणेही तो तसेच मान्य करत नाही: विणकामाचा धोटा सुतार घडवत असला तरी तो नीट झाला की नाही हे विणकरच सांगतो, तसे नाव हेही एक हत्यार आहे आणि त्याची पारख ते वापरणाऱ्याने करायची असते. पुढे पानेच्या पाने व्युत्पत्त्या येतात, त्यांतल्या कित्येक उघडउघड ओढूनताणून आणलेल्या.

खरी गंमत त्यानंतर आहे. ‘र’च्या उच्चारात गती व कठीणपणा आहे आणि ‘ल’च्या उच्चारात गुळगुळीतपणा व मऊपणा, असे क्रॅटिलसकडून कबूल करून घेतल्यावर सॉक्रेटिस ‘स्क्लेरोटेस’ हा शब्द पुढे ठेवतो. त्याचा अर्थ कठीणपणा, आणि त्यात ‘र’च्या आधी चक्क ‘ल’ बसला आहे! तिथेही ‘र’च असायला हवा होता, अशी सारवासारव क्रॅटिलस करून पाहतो. पण आहे तो शब्द उच्चारला की तुला कळतो ना, असे विचारल्यावर त्याला म्हणावे लागते, ‘हो, सवयीने.’ यावर सॉक्रेटिसचे म्हणणे असे, की सवय म्हणजे तरी काय, तू स्वतःशीच केलेला करार.

म्हणून माझे उत्तर असे, की तो संकेताच्या बाजूला जातो, पण नाखुशीने. नावे शक्यतो वस्तूंसारखी असावीत हे आपल्यालाही आवडेल, असे तो म्हणतो. मात्र हे साम्य ओढून आणणे इतके चिवट काम आहे की संकेतासारखी सामान्य गोष्टही मदतीला घ्यावी लागते.