सुईदोरा

वारीत फलटण सोडलं आणि उजव्या टाचेला फोड आला. दिवेघाट, नीरास्नान, चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण, सगळं निभावलं होतं. त्या दुपारी मात्र पाऊल टेकवेना. त्यात टँकरपाशी एक बाई मध्ये घुसली, तिच्यावर मी ओरडले. ओठावर हरिपाठ आणि जिभेवर हे. माझीच मला लाज वाटली, पण राग काही उतरला नाही.

खरं तर तो राग जुना होता. अण्णांवरचा. मी लहान होते तेव्हा ते पलटणीत, पेन्शनीत आले तर आषाढात वारीत. माझ्या पहिल्या बाळंतपणातही ते वाखरीला होते. गेल्या माघात अण्णा गेले. यंदा त्यांच्याच दिंडीत चालायला आले, तेव्हा विणेकरी बुवा म्हणाले, "अण्णांची लेक ना? या माऊली." पुढे कुणी काही विचारलं नाही.

बरडच्या अलीकडे रस्त्याकडेला एक म्हातारी बसली होती. परभणीकडची असावी. "ए माय, बस खाली. किती लंगडशील?" मी नको नको म्हणेपर्यंत तिने माझा पाय मांडीवर ओढून घेतला. धुळीने माखलेला पाय, तिच्या स्वच्छ लुगड्यावर. पिशवीतून सुई काढली, काडीच्या जाळावर धरली, पांढरा दोरा ओवला आणि फोडाच्या या कडेतून त्या कडेला काढला. दोऱ्याची टोकं बाहेर ठेवून तोडली. पाणी दोऱ्यावाटे झिरपू लागलं. वरून खोबरेल आणि हळद. "कातडी काढू नकोस, आतलं कोवळं हाय."

मला रडू फुटलं. दुखलं म्हणून नाही.

अण्णा अगदी हेच करायचे. १९७१ च्या डिसेंबरात ते पहिल्या मराठा बटालियनबरोबर बांगलादेशातल्या जमालपूरला होते. ब्रह्मपुत्रा ओलांडून त्यांनी शहराच्या दक्षिणेचा रस्ता अडवला आणि १० तारखेच्या रात्री शत्रू तो फोडून निघायला आला, तो तिथेच अडला. हे मी नंतर वाचलं. अण्णांनी आम्हाला त्या लढाईतले फक्त पाय सांगितले. कोणाचे कुजले होते, कोणाला कोरडे मोजे दिले, कोणाच्या फोडात दोरा घातला. सुट्टीवर आले की माझ्या वेण्याही तेच घालायचे, पट्टा आवळावा तशा घट्ट. शाळा सुटेपर्यंत एक केस हलायचा नाही.

म्हातारीला मी नाव विचारलं नाही. तिची दिंडी पुढे आली, ती टाळ उचलून उठली आणि गेली.

संध्याकाळी बरडला समाजआरती. चोपदारांनी चोप उंचावला, टाळ थांबले. फक्त एका दिंडीचे वाजत राहिले, म्हणजे त्यांची काही तक्रार होती; ती ऐकली गेली, मग तेही थांबले. हरवलेल्या वस्तू पुकारल्या. एवढ्या लाखोंत ती शांतता! अण्णा तिला पलटणीतल्या रांगेत उभं राहण्याच्या हुकमावरून 'फॉलिन' म्हणायचे. मी खाली पाहिलं तर माझ्या दोन्ही टाचा जुळलेल्या होत्या.

नातेपुते, माळशिरस, वेळापूर कसे गेले आठवत नाही. वाखरीच्या रिंगणानंतर पाय धुताना दोरा हातात आला. तो मी अण्णांच्या टाळाच्या दोरीला गाठ मारून बांधला.