देव आणि दुखणी : मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांतून

मॉरिशसची राजधानी पोर्ट लुईच्या बंदरालगत काळ्या दगडाच्या काही भिंती आणि समुद्राकडून वर चढणाऱ्या मोजक्या पायऱ्या, एवढाच आता आप्रवासी घाट, म्हणजे हिंदुस्थानी मजूर जिथे उतरत ती जागा, उरला आहे. मॉरिशसमधील गुलामगिरी संपुष्टात येत असतानाच, १८३४ साली, ब्रिटिशांनी उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर आणण्यास सुरुवात केली. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन बंदरांतून निघालेली जवळपास पाच लाख माणसे या बेटावर उतरली. त्यांतील बहुतेक इथेच राबली आणि काही पुढे इतर वसाहतींकडे पाठवली गेली. युनेस्कोने २००६ साली या जागेला जागतिक वारसा स्थळाचा दर्जा दिला. उरलेल्या अवशेषांमध्ये रुग्णालयाच्या इमारतीचाही भाग आहे, आणि वैद्यकीय व्यवसायात असल्यामुळे मी सर्वाधिक वेळ तिथेच रेंगाळले. परक्या भूमीवर पाय ठेवताच या माणसांची पहिली गाठ पडली ती कारकुनाशी आणि डॉक्टरशी. नाव, गाव, जात, उंची आणि अंगावरच्या खुणा यांची नोंद होत असे. मोका येथील महात्मा गांधी संस्थेच्या अभिलेखागारात त्या नोंदवह्या आजही जपून ठेवलेल्या आहेत.

धडधाकट शरीर हीच निवडीची मुख्य अट होती. सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासकांना जगभर आढळणारी एक गोष्ट इथे फार स्पष्ट दिसते : स्थलांतर करणारा माणूस निघतेवेळी बहुधा मागे राहिलेल्यांपेक्षा निरोगी असतो, आणि नव्या भूमीवर काही वर्षांत किंवा एखाद्या पिढीत तो फायदा झिजत जातो. मॉरिशसमध्ये मात्र तो झिजण्यासाठी पिढीची वाट पाहावी लागली नाही. १८५६ साली पटकीच्या (कॉलराच्या) भीतीने दोन जहाजांवरील मजुरांना उत्तरेकडील गाब्रिएल नावाच्या ओसाड बेटावर उतरवण्यात आले, आणि तिथे निवारा, पाणी व औषधोपचार यांच्या अभावी दोनशेहून अधिक माणसे दगावली. त्यानंतरच्या दशकात हिवताप आला. त्यापूर्वी या बेटाला हा रोग ठाऊकच नव्हता, त्यामुळे १८६६ ते १८६८ या काळातील साथीत हजारोंचा बळी गेला. डासांमुळे हिवताप पसरतो हे सिद्ध करणारे रोनाल्ड रॉस स्वतः १९०७-०८ साली इथे पाहणीसाठी आले होते, इतका हा प्रश्न चिघळला होता. त्यातच मळ्यांवर ‘डबल कट’ची पद्धत होती, म्हणजे गैरहजेरीच्या एका दिवसासाठी दोन दिवसांची मजुरी कापली जात असे. महिना पाच रुपये मिळवणाऱ्या माणसाला ताप येणे किती महाग पडत असेल, याचा अंदाज त्यावरून करता येतो.

हे सगळे मनात ठेवून मी उसाच्या मळ्यांमधली कालीमाईची ठाणी पाहायला गेले, आणि म्हणूनच ती मला निराळी दिसली. एरवी ती कुणालाही ओळखीची वाटावीत अशी आहेत : झाडाखाली चौथरा, त्यावर ओळीने मांडलेले सात दगड, शेंदूर आणि जास्वंदीची लाल फुले. हे दगड म्हणजे सात बहिणी. आमच्याकडे मरीआई, शीतळादेवी आणि साती आसरा ज्या भीतीतून आणि ज्या आशेतून पुजल्या गेल्या, तीच भीती आणि तीच आशा जहाजातून इथवर आली होती. मळ्याच्या तांड्यात शिकलेला पुरोहित क्वचितच असे आणि देऊळ बांधायला पैसाही नसे. पण दगड होते, झाड होते, आणि ताप तर रोजचाच होता. गावावर रोगराई येऊ नये म्हणून सगळ्यांनी मिळून करायची ‘बहारिया पूजा’ काही गावांत अजूनही होते. अनेक ठिकाणी मूळ दगडांवर आता पक्के छत आणि देवीची रंगवलेली मूर्ती आली आहे. मला वाटेत घेऊन जाणाऱ्या चालकाने एका ठाण्यासमोर गाडी थांबवली, चपला काढून हात जोडले, आणि परत येऊन हिंदीत म्हणाला, “दीदी, आजोबा सांगायचे, दवाखाना लांब होता आणि आई जवळ होती.” मी हे वाक्य त्याच संध्याकाळी लिहून ठेवले, कारण स्थलांतरितांच्या धर्माविषयी मी वाचलेल्या कितीतरी पानांचा आशय त्यात आला होता.

जी माणसे एकमेकांच्या गावची नव्हती, जातीची नव्हती, पुष्कळदा भाषेचीही नव्हती, ती एकाच आजाराच्या सावटाखाली एका चौथऱ्याभोवती जमली. परदेशात धर्म जसाच्या तसा नेता येत नाही, हे मला इथे पटले. गावाकडच्या शेकडो चालीरीतींपैकी नव्या जागी नडीला उपयोगी पडणाऱ्या तेवढ्या तग धरतात, आणि त्या काळी सर्वांत मोठी नड होती ती जिवंत राहण्याची.

राजधानीजवळच्या सेंत-क्र्वा येथे हीच गोष्ट दुसऱ्या धर्मात पाहायला मिळते. जाक-देझिरे लावाल हे फ्रेंच धर्मगुरू मूळचे डॉक्टर होते. १८४१ साली ते मॉरिशसला आले, नुकत्याच मुक्त झालेल्या गुलामांमध्ये आयुष्यभर राहिले आणि ९ सप्टेंबर १८६४ रोजी निवर्तले. त्यांच्या समाधीवर बरे होण्याची आशा घेऊन ख्रिस्ती लोक येतात, तसेच हिंदू आणि मुसलमानही येतात. मी गेले तेव्हा साडी नेसलेली एक बाई समाधीवरील मूर्तीच्या पायांवर हात ठेवून, मग तोच हात आपल्या गुडघ्यावरून फिरवत होती. तिने धर्माचे कोणतेही कुंपण ओलांडल्याचा आव आणला नव्हता. गुडघा दुखत होता आणि ही जागा दुखण्याची आहे हे तिला माहीत होते.

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवसांत बेटावरचे सगळे रस्ते दक्षिणेकडील डोंगराळ भागातल्या गंगा तलावाकडे वळतात. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवरचे हे एका निद्रिस्त ज्वालामुखीच्या मुखातले सरोवर आहे. उत्तरेकडील त्रिओले गावच्या एका पुजाऱ्याला १८९७ साली स्वप्नात या तळ्यातून गंगा वाहताना दिसली आणि पुढच्याच वर्षी पहिली पदयात्रा निघाली, अशी परंपरा सांगितली जाते. पुढे १९७२ साली भारतातून आणलेले गंगाजल त्यात विधिपूर्वक मिसळण्यात आले. २००७ पासून काठावर १०८ फूट उंचीची मंगल महादेवाची मूर्ती उभी आहे. आता दरवर्षी लाखो माणसे इथे येतात, आणि अवघी साडेबारा लाखांच्या आसपास लोकसंख्या असलेल्या देशात ही संख्या काय सांगते ते वेगळे लिहायला नको.

मी शेवटचा टप्पा यात्रेकरूंबरोबर चालले. तरुणांच्या टोळ्या आरसे आणि रंगीत कागदांनी मढवलेल्या कावडी ओढत होत्या. वाटेवर ठिकठिकाणी मांडव होते आणि तिथे अनोळखी माणसांना हात धरून थांबवून खाऊ-पिऊ घातले जात होते. वारीच्या वाटेवर वाढलेल्या मराठी मनाला हे सारे आपलेसे वाटते, तरीही इथला हेतू थोडा वेगळा आहे. पंढरपूर आधीपासून होते आणि वारकरी तिथे गेले. या लोकांना मात्र जायला तीर्थच नव्हते, म्हणून त्यांनी ते शोधले, त्याला गंगेशी जोडले आणि मग त्याच्याकडे चालू लागले. तळ्याचे पाणी गावी नेऊन रात्री शंकराच्या पिंडीवर घालतात, त्यामुळे बेटावरचे प्रत्येक छोटे देऊळ वर्षातून एकदा या तळ्याशी बांधले जाते. दिवसेंदिवस चालणे, हलके खाणे, दारू आणि मांस वर्ज्य करणे आणि संपूर्ण गावाची सोबत, हा कुठल्याही डॉक्टरने लिहून द्यावा असा उपचार आहे. दुःख एवढेच की तो वर्षातून काही दिवसच घेतला जातो. मांडवांतले सरबत गोड होते, भजी तेलात निथळत होती, आणि मधुमेहाच्या गोळ्या खिशात बाळगणारी माणसे मला एकामागून एक भेटत गेली.

मॉरिशसमध्ये १९८७ साली असंसर्गजन्य आजारांचे जे राष्ट्रीय सर्वेक्षण झाले, त्यात मधुमेहाचे प्रमाण जगातील सर्वाधिक प्रमाणांच्या रांगेत बसण्याइतके आढळले. आज दर पाच प्रौढांमागे सुमारे एकाला हा आजार आहे. मूळ भारतीय वंशात काहीतरी उणे आहे, हा निष्कर्ष काढण्याचा मोह इथे होतो, आणि पुण्यातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिल्याप्रमाणे आपली बाळे वजनाने कमी पण तुलनेने चरबीने अधिक अशी जन्मतात, हेही खरे आहे. तथापि त्या सर्वेक्षणात आफ्रिकी वंशाच्या क्रिओल लोकांमध्ये आणि चिनी वंशाच्या लोकांमध्येही प्रमाण जास्तच निघाले. तीन वेगवेगळ्या वंशांच्या माणसांचे एकाच बेटावर सारखेच होत असेल, तर कारण बेटावरच्या जगण्यात शोधायला हवे. शिध्याच्या तांदूळ-डाळीवर आणि दिवसभराच्या अंगमेहनतीवर बेतलेला आहार तसाच राहिला, त्यात मैदा, साखर आणि तेल यांची भर पडली, आणि १९७० नंतर कापड कारखाने व कचेऱ्या वाढल्यावर अंगमेहनत मात्र निघून गेली.

सरकारने काय केले, हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. सवलतीच्या दराने मिळणारे स्वयंपाकाचे तेल तेव्हा मुख्यतः पामतेल होते. १९८७ मध्ये त्याचे घटक बदलून त्यात सोयाबीन तेल आणण्यात आले. पाच वर्षांत लोकांचे सरासरी कोलेस्टेरॉल लिटरमागे ५.५ मिलिमोलवरून ४.७ वर उतरले. कुणालाही देव, सण किंवा चव बदलायला सांगितले गेले नव्हते. कढई तीच राहिली आणि तिच्यातले तेल बदलले. त्याच काळात लठ्ठपणा मात्र वाढत गेला, कारण तेल बदलून पायांना चालायला लावता येत नाही.

पश्चिमेकडील कास्कावेल येथे एका मराठी कुटुंबाने मला जेवायला बोलावले होते. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या पट्ट्यातून आलेल्या मजुरांचे वंशज या भागात बरेच आहेत. घरात क्रिओल भाषा बोलली जाते, पण गणपतीत जाखडीचा नाच होतो, त्याला हे लोक झाकरी म्हणतात, आणि गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. घरातल्या आजींना पंधराएक वर्षांपासून मधुमेह आहे, आणि त्या इन्सुलिन घेत असूनही सोमवारचा कडक उपास करतात. त्यांचा मुलगा काकुळतीने म्हणाला, “ताई, तुम्ही तरी सांगा हिला.” मी म्हणाले, “आजी, इन्सुलिन घेऊन पोट रिकामे ठेवले तर साखर एकदम खाली जाते, चक्कर येऊन पडाल.” त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि मग मराठी-हिंदी मिसळून म्हणाल्या, “बाई, सोमवारी आम्ही सगळ्या म्हाताऱ्या देवळात बसतो. उपास नाही तर मी तिथे कशाला जाऊ?”

या प्रश्नाला वैद्यकीय पुस्तकात उत्तर नाही, पण त्याच्या जवळपास जाणारे एक संशोधन आहे. मायकेल मार्मट आणि लिओनार्ड साइम या संशोधकांनी कॅलिफोर्नियातील जपानी पुरुषांचा अभ्यास १९७६ साली प्रसिद्ध केला. ज्यांनी आपल्या समाजाशी आणि रीतींशी घट्ट नाते ठेवले होते, त्यांच्यात हृदयविकाराचे प्रमाण पुष्कळ कमी होते, आणि आहार किंवा धूम्रपान यांतील फरकाने ते पूर्णपणे उलगडत नव्हते. आजींना देवळातली ती बैठक औषधाइतकीच लागते, असे मी ठामपणे म्हणेन. त्यामुळे उपास सोडा असा सल्ला मी दिला नाही. सोमवारी इन्सुलिनची मात्रा किती ठेवायची ते त्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्यावे, दर काही तासांनी थोडे दूध-फळ घ्यावे, आणि बरोबरच्या बायकांना साखर उतरल्याची लक्षणे सांगून ठेवावीत, असे आम्ही मिळून ठरवले. फळ-दूध उपासाला चालते हे देवळातल्या बायकांनीच त्यांना पटवून द्यावे, अशी अट आजींनी घातली, आणि ती मला अतिशय योग्य वाटली.

धर्म आरोग्याला नेहमी तारतोच, असे मात्र मी म्हणणार नाही. ज्या समाजात सगळे सगळ्यांना ओळखतात, तिथे दारूचे व्यसन, नैराश्य किंवा नवऱ्याची मारहाण देवळाच्या पायरीवर बोलून दाखवता येत नाही, कारण बोललेले संध्याकाळपर्यंत घरी पोहोचते. दोन तरुण स्त्रियांनी मला हे स्वतंत्रपणे सांगितले, आणि दोघीही नित्यनेमाने पूजा करणाऱ्या होत्या.

निघण्यापूर्वीच्या शुक्रवारी पोर्ट लुईच्या जुम्मा मशिदीबाहेर मला बांगलादेशातून आलेले काही कामगार भेटले. आज मॉरिशसच्या कारखान्यांत आणि बांधकामांवर बांगलादेश, नेपाळ, मादागास्कर आणि भारतातून करारावर आलेली माणसे राबतात. परवान्यासाठी त्यांची वैद्यकीय तपासणी होते, म्हणजे याही वेळी धडधाकट शरीरच निवडून आणले जाते, आणि त्यांना सामूहिक निवासांत ठेवले जाते. सरकारी रुग्णालयात उपचार मोफत असतात, तरी त्यांतला एक जण पाठदुखीवर दुकानातून आणलेल्या गोळ्यांवरच दिवस काढत होता. रुग्णालयात दिवस मोडला तर पगार कापला जाईल, या भीतीने तो तिकडे फिरकला नव्हता. शुक्रवारची नमाज ही आठवड्यातली एकच वेळ अशी की जिथे त्याला आपल्या जिल्ह्याची माणसे भेटतात, आणि कोणत्या डॉक्टरकडे रांग कमी असते ही माहितीही त्याला तिथेच मिळाली होती. एखाद्या परिचारिकेने दर शुक्रवारी नमाजानंतर तासभर मशिदीजवळ बसून रक्तदाब आणि साखर तपासली, तर ही माणसे येतील का, असे मी विचारले. तो म्हणाला की येतील, फक्त तपासणीचा कागद मालकाकडे जाणार नाही एवढे आधी सांगायला हवे.