शरीर भांडलं का नाही?

हिपॅटायटिस बी हा यकृतातला विषाणू वर्षानुवर्षं राहतो, तरी शरीर त्याच्याशी भांडत कसं नाही, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. गणपतीतली शिबिरं उरकली की आठवड्याभरात आमच्या रक्तपेढीतून दोन-चार दात्यांना फोन जातात, जरा येऊन भेटा म्हणून. येणारा बहुतेकदा पंचविशी-तिशीतला, धडधाकट. हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह आलंय म्हटल्यावर आधी घाबरतो, मग चिडतो, आणि मग ठरलेला प्रश्न येतो: "मॅडम, मला साधा ताप येत नाही. हा विषाणू घर करून बसला आणि शरीर भांडलं कसं नाही? माझी प्रतिकारशक्ती कमी आहे का?"

कमी नाही. यकृतात गेल्यावर तिला गप्प बसवलं जातं, आणि हे गप्प बसवणं यकृताचं रोजचं काम आहे.

यकृतात मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त येतं. त्यातला जवळपास पाऊण हिस्सा पोर्टल शिरेतून, म्हणजे आतड्याकडून. त्यात भाकरी-आमटीचे अंश असतात, तसे आतड्यातल्या जिवाणूंचे तुकडेही. दर जेवणानंतर त्यांच्याशी लढाई मांडली तर जेवायची सोय उरणार नाही. म्हणून तिथल्या पेशी पडतं घेतात. कुप्फर पेशी जिवाणू गिळतात, पण आयएल-१० नावाचा 'शांत राहा' सांगणारा रासायनिक निरोप सोडून शेजारपाजार शांतही ठेवतात. तिथल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तराला बारीक खिडक्या असतात. त्यांतून टी-पेशी, म्हणजे परक्याला ओळखून लढणारी पांढरी पेशी, थेट यकृतपेशीला भिडते. टी-पेशीला पेटायला दोन इशारे लागतात: एक, हा परका आहे, दुसरा, आता कामाला लाग. यकृतपेशी पहिला देते, दुसरा धड देत नाही. टी-पेशी अर्धवट पेटते आणि विझते. उंदरांत तर यकृतपेशी अशा टी-पेशींना चक्क गिळताना दिसल्या आहेत!

मला स्वतःला हे पटलं ते डुकरांमुळे. १९६९ साली केंब्रिजच्या रॉय काल्न यांच्या गटाने दाखवलं की एका डुकराचं यकृत दुसऱ्याला बसवलं, तर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं न देताही ते बरेचदा टिकतं. पुढे त्याच दात्याचं मूत्रपिंड बसवलं, तर तेही खपून जातं. नवं यकृत जणू आपल्या माहेरच्यांची ओळख करून देतं. माणसात इतकं सोपं नाही, गोळ्या लागतातच.

हिपॅटायटिस बी या शांततेत भाडं न देता राहतो. तो स्वतः यकृतपेशी मारत नाही. पेशी मरतात त्या आपल्याच टी-पेशी चवताळल्या की. शिवाय तो रिकामी कवचं रक्तात सोडतो, खऱ्या विषाणूच्या हजारो पट. रिपोर्टवरचं 'एचबीएसएजी' म्हणजे त्याच कवचाचं प्रथिन. ते वर्षानुवर्षं पाहून पाहून टी-पेशी थकतात. प्रौढपणी लागण झाली तर शंभरातले पंच्याण्णव जण विषाणूला हाकलतात. जन्मताना आईकडून झाली तर नव्वद जणांत तो मुक्कामाला राहतो. म्हणजे समोर बसलेल्या मुलाचा विषाणू बऱ्याचदा त्याच्याच वयाचा असतो.

मग पुढचा प्रश्न येतोच: "प्रतिकारशक्ती वाढवायला काय घेऊ? गुळवेल?" इथे माझा आवाज जरा चढतो. कोविडच्या काळात गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केलं. शरीर स्वतःच्याच यकृतावर उलटावं तशी ती इजा होती. आयुष मंत्रालयाने ते मानलं नाही, वाद झाला. मी मात्र कुणाला घ्या म्हणत नाही. शांतता मोडून काढायची तर कुठली मोडायची, हे काढ्याला कसं कळणार? सगळ्यांना लगेच औषध लागतंच असंही नाही. विषाणूचं प्रमाण, एएलटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढतं ते), सोनोग्राफी पाहून पोटाचे डॉक्टर ठरवतात. टेनोफोव्हिरसारख्या गोळ्या विषाणूला दाबून ठेवतात, पुरता घालवतात ते क्वचितच.

निघताना मी एवढंच सांगते की आई, भावंडं, बायको सगळ्यांची तपासणी करा. परवाचा मुलगा दारातून परत आला. बहिणीला सातवा महिना होता. मी सांगितलं, आधी तिची तपासणी. बाळाला चोवीस तासांच्या आत लस, आणि ती पॉझिटिव्ह निघाली तर सोबत इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार अँटिबॉडींचं, इंजेक्शन. शिबिरात मिळालेलं प्रमाणपत्र त्याच्या खिशात होतं. त्या कागदाच्या मागच्या बाजूला त्याने हे सगळं लिहून घेतलं आणि 'चोवीस तास' खाली दोन रेघा मारल्या.