सहा कोटी साठ लाखांचा हिशेब

दादानं कोरेगावकडच्या रानात विहीर पाडायला घेतली, तेव्हा पस्तीस फुटांवर काळा पाषाण संपला आणि विटकरी, चिकट थर लागला. हातभर जाडीचा. खाली पुन्हा काळा पाषाण. "वरनं तापलेला रस आला, मग माती भाजणारच की," सुरुंगवाला सहज बोलून गेला. मी साताऱ्यात पतसंस्थेत हिशेबनीस. दगडाशी संबंध घराच्या जोत्यापुरता. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना, म्हणून वाचायला बसलो आणि पहिल्याच पानावर आपटलो.

खडकाच्या वयावरच्या लेखात '66 मिलियन' वर्षं होतं, मी वहीत 66 कोटी लिहिलं. आठ दिवस तेच घोळवत होतो. दुसऱ्यांच्या खतावणीतली शून्यं तपासण्यात हयात गेली माझी! 66 दशलक्ष म्हणजे 6 कोटी 60 लाख. आपला सह्याद्रीचा बेसाल्ट, म्हणजे लाव्हा गोठून झालेला हा काळा पाषाण, त्या सुमाराचा, डायनोसॉर संपले तेव्हाचा.

भाचा म्हणाला, "मामा, कार्बन टेस्ट असतीय की." इथं ती चालत नाही. कार्बन-14 दर 5,730 वर्षांनी निम्मा होतो, 50 हजार वर्षांपलीकडं मोजण्यासारखं फार उरत नाही. शिवाय वस्तू कधीकाळी जिवंत असावी लागते.

अर्धायुष्य या शब्दानं मात्र छळलं. खडकातलं किरणोत्सर्गी पोटॅशियम-40 मोडत निम्मं व्हायला 125 कोटी वर्षं, मग उरलेलं निम्मं पुढच्या 125 कोटींत संपायला हवं ना? ऑफिसात फर्निचरचा घसारा लावताना गाठ सुटली. घटत्या शिल्लक पद्धतीत दर 10 टक्के, पण तो उरलेल्या किमतीवर. आकडा उतरत जातो, दर तोच राहतो. तीस वर्षं मी हेच करत आलो होतो.

मग हुरूप आला. पोटॅशियम-40 मधून आर्गॉन तयार होतो. लाव्हा पातळ असताना हा वायू उडून जातो, म्हणजे खडक गोठला त्या दिवशी ओपनिंग बॅलन्स शून्य. पुढं जमा होत गेलं ते मोजायचं. कॅल्क्युलेटर घेतला: 6.6 कोटी वर्षांत पोटॅशियम-40 च्या हजार अणूंतले साधारण 36 मोडतात. त्यातले बहुतेक कॅल्शियम होतात, आर्गॉन होतात जेमतेम चार. त्यात पोटॅशियमच्या दहा हजार अणूंत या जातीचा असतो सुमारे एकच. एवढ्या चिल्लरीवरून वय काढायचं!

आणि चिल्लर गळते. खडक कुजला की आर्गॉन निसटतो, वय कमी दिसतं. यावरचा तोडगा मला फार आवडला. नमुना अणुभट्टीत ठेवतात, न्यूट्रॉनच्या माऱ्यानं पोटॅशियम-39 मधल्या काहीचा आर्गॉन-39 होतो. आता जमा आर्गॉन आणि मुद्दल पोटॅशियम दोन्ही एकाच वायूत मोजता येतात. मग नमुना टप्प्याटप्प्यानं तापवायचा. गळका भाग सहसा आधीच्या टप्प्यांत उघडा पडतो. पुढचे टप्पे ओळीनं एकच वय सांगू लागले, तर हिशेब मान्य. आमचे ऑडिटर एवढे कडक नाहीत.

दुसरा मार्ग झिरकॉनचा. हा स्फटिक घडताना युरेनियम आत घेतो, शिसं जवळजवळ घेतच नाही. नंतर सापडलेलं शिसं युरेनियम मोडून झालेलंच. बेसाल्टमध्ये झिरकॉन दुर्मीळ. संशोधकांनी तो बराचसा शोधला कुठं, तर दोन लाव्हांच्या मधल्या तांबड्या थरांत, त्यात पडलेल्या ज्वालामुखीच्या राखेत. म्हणजे दादाच्या विहिरीत होता तसल्या! 2019 मध्ये एका गटानं झिरकॉनवरून आणि दुसऱ्यानं आर्गॉनवरून वयं प्रसिद्ध केली. मुख्य उद्रेक दोघांच्याही हिशेबानं साधारण दहा लाख वर्षं चालला. कुठल्या टप्प्यात किती लाव्हा आला, यावर मात्र जुळलं नाही.

दादाला फोन केला. तो थर पाण्यानं ढासळतो, म्हणून त्यानं पंधरा दिवसांपूर्वीच दगडी बांधकाम करून तो बुजवला होता. काठावरच्या ढिगातून एक ढेकूळ घेऊन आलो आणि बरणीत ठेवलं. पुढच्या रविवारी बाजारातून परतलो, तर बायको गेरू समजून त्यानं तुळशीवृंदावन सारवत होती. निम्मं संपलं होतं.