औषध नाही, नुसता काढा

एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम. त्याच्या जागी आकडा न येता फ्लॅग, म्हणजे मशीनची धोक्याची खूण आली, तेव्हा माझा पहिला संशय लॅबच्या मशीनवर. सकाळचे कंट्रोल, म्हणजे आकडा आधीच माहीत असलेले नमुने, नीट आले होते, तरीही. मग ट्यूब उजेडाकडे धरली. एरवी फिकट पिवळं दिसणारं सिरम करडईच्या तेलासारखं गडद होतं. पेशी फुटल्याची लाली मात्र नव्हती. ती असली की एसजीओटी, एसजीपीटीचं जोडीदार एन्झाइम, खोटाच वाढतो. बाहेरून येणारी सॅम्पल्स डब्यात हिंदकळत लाल होऊन येतात, सांगून सांगून जीभ झिजली. हे रक्त मावशींचं, मी स्वतः काढलेलं, म्हणून खात्री.

एन्झाइम फारच जास्त असलं की रिएजंट, म्हणजे तपासणीचं रसायन, आधीच संपतं आणि मशीन हात वर करतं. सलाइन घालून सिरम एकास दहा केलं, पुन्हा लावलं. 612. हा आकडा साधारण 40 च्या आत हवा. कावीळ दाखवणारं बिलिरुबिन 3.8, तेही वाढलेलं.

मावशींना टीबीच्या गोळ्या चालू होऊन सहावा आठवडा. त्यातली आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तिन्ही यकृताला बाधू शकतात. इथॅम्ब्युटॉल त्या मानाने गरीब. त्रास होत असेल तर तिप्पट, नसेल तर पाचपट झाल्यावर गोळ्या थांबवतात. इथे पंधरापट. डॉक्टरांनी फोनवर "बंद करायला सांगा, इकडे पाठवा" एवढंच म्हटलं. गर्दीची वेळ होती त्यांची, पण एक प्रश्न तरी विचारायचा.

मावशी बाकावरच बसल्या होत्या.

"लघवी गडद होतीय का, मावशी?"

"अगं, ती लालच व्हायची. गोळ्या देतानाच सांगितलंय, घाबरू नका म्हणून."

रिफॅम्पिसिनने लघवी केशरी होते हे खरंच. त्याच दिलाशाआड कावीळ लपून बसली होती.

"दुसरं काही औषध?"

"औषध नाही गं. नुसता गुळवेलीचा काढा, दोन वेळा. अंगात ताकद यावी म्हणून लेकानं वेल आणून दिली. झाला की महिना."

आमच्या फॉर्मवर 'चालू औषधे' असा रकाना आहे. त्यात माझ्याच अक्षरात 'एकेटी', म्हणजे टीबीच्या गोळ्या, एवढंच होतं. काढ्याला औषध कोण म्हणतं?

मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली होती. ती वेल गुळवेलच होती का, तिच्यासारखी दिसणारी दुसरी, असा प्रश्न आयुष मंत्रालयाने काढला. मावशींच्या लेकाने कुठल्या झाडावरून कुठली वेल तोडली, मला काय ठाऊक!

मला खुपतं ते वेगळंच. दोन आठवड्यांपूर्वी त्यांचा एसजीपीटी 78 आला होता. मी ठळक अक्षरात छापून पाकिटात घातला आणि पुढचा नंबर पुकारला. काढा तेव्हाही चालू होता.

गोळ्या आणि काढा एकाच दिवशी बंद झाले. आकडे हळूहळू उतरले. मग डॉक्टरांनी आधी रिफॅम्पिसिन, नंतर आयसोनियाझिड परत चालू केलं. पायराझिनामाइड दिलंच नाही. एसजीपीटी पुन्हा चढला नाही. म्हणजे गुन्हेगार पायराझिनामाइड की काढा? की दोघं मिळून? ट्यूबमधून हे कळत नाही.

परवा मावशी तपासणीला आल्या. एसजीपीटी 31. सुईच्या जागी कापूस दाबून धरत हळूच म्हणाल्या, "आता थोडा थोडा काढा चालेल का गं?"




मी डॉक्टरांना विचारा म्हटलं, आणि रकान्यात 'काढा बंद' असं लिहिलं.