डी-टेस्टचा रिकामा रकाना: माझा अनुभव

बाबांच्या मानेवर मागच्या बाजूला मोठं गळू झालं, तेव्हा शेजारच्या काकांनी लगेच अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हच्या गोळ्या सुचवल्या. त्यांना एकदा गुण आला होता म्हणे. मी आणल्या नाहीत, आणि त्याचं मला आजही समाधान आहे. बाबांना बरीच वर्षं मधुमेह आहे. इंदूरला राजेंद्रनगरातल्या आमच्या डॉक्टरांनी थेट सर्जनकडे पाठवलं. त्यांनी चीर देऊन पू काढला आणि कल्चरसाठी डबी माझ्या हातात दिली. इथपर्यंत सगळं झटपट झालं.

घोडं अडलं लॅबमध्ये.

कल्चरला वेळ लागतो, त्याबद्दल तक्रार नाही. जंतू वाढायला साधारण एक दिवस, कुठलं औषध त्याला रोखतं हे पाहायला आणखी एक. रिपोर्ट आला: स्टॅफिलोकोकस ऑरियस, सेफॉक्सिटिन या अँटिबायोटिकसमोर ‘आर’, म्हणजे रेझिस्टंट, त्याला न जुमानणारा. हाच एमआरएसए, म्हणजे मेथिसिलिन आणि त्याच्या घराण्यातल्या औषधांना दाद न देणारा स्टॅफ; लॅबमध्ये तो सेफॉक्सिटिनवरून ओळखतात. मेथिसिलिन १९५९ मध्ये वापरात आलं आणि १९६१ मध्येच ब्रिटनमधून त्याला दाद न देणाऱ्या स्टॅफची नोंद झाली; तेव्हापासून हे चालू आहे. काकांच्या गोळ्या यावर चालल्याच नसत्या.

खाली आणखी दोन अँटिबायोटिक्स: एरिथ्रोमायसिन ‘आर’ आणि क्लिंडामायसिन ‘एस’, म्हणजे लागू पडणारं. सर्जन क्लिंडामायसिन लिहायला निघाले आणि थांबले. “डी-टेस्ट केलेली दिसत नाही. ती करून आणा.”

ही टेस्ट काय ते त्यांनीच समजावलं. काही स्टॅफ क्लिंडामायसिनला वरवर बळी पडतात, पण प्रतिकाराचा जीन त्यांच्यात दडलेला असतो. प्लेटवर एरिथ्रोमायसिनची चकती शेजारी ठेवली की तो जागा होतो. मग क्लिंडामायसिनभोवतीचं गोल वर्तुळ त्या बाजूने सपाट होतं, इंग्रजी ‘डी’सारखं. तसं दिसलं तर ‘एस’वर विसंबायचं नाही, कारण औषध चालू असतानाच जंतू उलटू शकतो.

मी काउंटरवर गेले. “मैडम, रिपोर्ट फाइनल हो गई है.” रकाना रिकामा आहे म्हटलं, तर “जो छपा है वही है.” सर्जनचा फोन जोडून देऊ का विचारलं, तर वेगळी चिठ्ठी मागितली. चिठ्ठी आणली, तर बिलाचा मुलगा म्हणाला, प्लेट टाकून दिली असेल, नवीन सँपल द्या. नवीन सँपल कुठून देणार? पू काढून झाला होता, औषध सुरू झालं होतं. घरी बाबांचं ड्रेसिंग भिजत होतं, साखर चढलेली होती, आणि इथे प्रत्येक जण मला पुढच्या खिडकीकडे पाठवत होता. मला अजूनही त्या काउंटरचा राग येतो. तिथल्या कुणालाच डी-टेस्ट माहीत नव्हती, हे एकवेळ चालेल. पण माहीत असणाऱ्या माणसाला आतून बोलवायला काय हरकत होती?

शेवटी रिपोर्टच्या तळाशी सही होती त्या मायक्रोबायोलॉजिस्टचं नाव वाचून मी त्यांनाच भेटायचं आहे म्हणून बसून राहिले. बाई बाहेर आल्या, कागद पाहिला आणि म्हणाल्या, जंतू जपून ठेवलाय, आज संध्याकाळीच लावते. दुसऱ्या दिवशी दुरुस्त रिपोर्ट मिळाला: डी-टेस्ट पॉझिटिव्ह, क्लिंडामायसिन ‘आर’. तेव्हा हातपाय गळाले आणि हायसंही वाटलं. तुम्हीही काउंटरशी वाद घालत बसू नका, सही करणाऱ्या डॉक्टरांनाच गाठा.

बाबांची बाकीची औषधं पाहून सर्जननी डॉक्सिसायक्लिन दिलं. ते भरपूर पाण्याबरोबर घ्यायचं, लगेच आडवं व्हायचं नाही, दुधासोबत नको. जखम भरली. मोठं काम चिरेनेच केलं होतं, हे सर्जन पुन्हा पुन्हा सांगत होते. म्हणून गळू घरी दाबू नका.

आणि हो, कल्चरचं सँपल शक्यतो अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी द्यावं. टॉवेल वेगळा ठेवा, पण घरच्या माणसाला वाळीत टाकू नका. सुमारे तीस टक्के लोकांच्या नाकात साधा स्टॅफ काही त्रास न देता राहतोच.

दुरुस्त रिपोर्टची झेरॉक्स मी बाबांच्या फाइलमध्ये सगळ्यात वर लावली आहे. पुढे कधी ऑपरेशन ठरलं, तर एमआरएसए निघाला होता हे सर्जनना आधीच कळायला हवं, म्हणजे ऑपरेशनआधीचं अँटिबायोटिक ते त्याप्रमाणे निवडतील.