रोपं कुठून आणता?

गच्चीवर आलेला पाहुणा चहाचा पहिला घोट घ्यायच्या आत हा प्रश्न विचारतोच: "रोपं कुठून आणता हो तुम्ही?" मी नर्सरीचं नाव सांगते. तो ते मोबाइलमध्ये टिपून घेतो, पुढच्या रविवारी डिकी भरून रोपं आणतो आणि मे महिन्यात रिकाम्या कुंड्या घेऊन माझ्याच दारात उभा राहतो, "तुम्हाला उपयोगी पडतील." माझ्याकडच्या निम्म्या कुंड्या अशाच आलेल्या आहेत. कुंड्या मिळतात ते बरंच आहे म्हणा, पण तुम्ही पुन्हा पुन्हा विचारता म्हणून या वेळी जरा ऐसपैस सांगते.

'कुठून'ला खरं तर फारसा अर्थ नाही. पुण्याहून सोलापूर रस्त्याला लागलं की हडपसरच्या पुढे उरुळी कांचनपर्यंत नर्सऱ्याच नर्सऱ्या लागतात. तिथले काही जण रोपं स्वतः तयार करतात. शहरातल्या कोपऱ्यावरच्या दुकानातला बराचसा माल मात्र आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळच्या कडियमहून नाहीतर थेट बंगालमधून ट्रकने येतो. म्हणजे तुमच्या आणि माझ्या नर्सरीची पाटी वेगळी असली तरी ट्रक एकच असू शकतो. त्यामुळे मी दुकानदाराला पहिला प्रश्न विचारते, "गाडी कधी आली?" काल आली म्हणाला तर गोड बोलून परत फिरते. भाजी ताजी घ्यावी, रोप मात्र शिळं. दोन-तीन आठवडे दुकानात राहून, प्रवासात गळलेली पानं विसरून ज्याने नवी पालवी काढली आहे, ते रोप माझ्या गच्चीवरही तगेल. ते दिसायला नव्या मालापेक्षा गबाळं असतं आणि कधीकधी दहा-वीस रुपयांनी स्वस्तही मिळतं.

लांबून आलेल्या रोपांच्या मुळांशी पुष्कळदा चिकणमातीचा गच्च गोळा असतो. प्रवासात मुळं सुकू नयेत म्हणून तो ठीक आहे, पण तसाच कुंडीत लावला तर वाळून विटेसारखा होतो. आपण घातलेलं पाणी त्याच्या कडेने खाली निघून जातं आणि आत मूळ कोरडंच राहतं. वरून बघणाऱ्याला वाटतं, रोज पाणी घालतोय तरी का मरतंय? मी तो गोळा बादलीत भिजत ठेवते आणि बोटांनी जेवढी सुटेल तेवढी माती सोडवते. हे काम पावसाळ्यात नाहीतर थंडीत करायचं. मे महिन्यात मी रोप घेतच नाही, फुकट दिलं तरी.

आणि पिशवी उचलून बूड बघायचं. लोक फूल बघतात. खालून जाड मुळांची वेटोळी बाहेर आली असली तर ते रोप त्या पिशवीत फार दिवस कोंडलेलं आहे. पानाच्या बगलेत कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. तो एकटा कधीच येत नाही, आणि आल्यावर जास्वंदीपासून सुरुवात करतो. नवीन रोप मी दहा-बारा दिवस जिन्यात वेगळं ठेवते. घरच्यांनी त्या जागेला 'क्वारंटाइन' असं नाव दिलंय.

आता गुलाबाचं सांगते, कारण अक्कलखाती सगळ्यात जास्त पैसे त्यानेच टाकायला लावले. गडद लाल, वास असलेला, टपोरा गुलाब होता. दुकानदार म्हणाला, "ताई, बाराही महिने फुलतो." दोनशे रुपये दिले. पहिल्या महिन्यात तीन फुलं आली. नंतर फूल नाही, पण वाढ अशी की बघत राहावं! लांबलचक, सरळ, हिरव्यागार फांद्या. मी खूष. शेणखत घातलं, निंबोळी पेंड घातली, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवलं. दोन वर्षं त्या झाडाचे लाड केले. मग एकदा सासवडकडची माझी मावसबहीण आली. तिच्याकडे गुलाबाची शेती होती. ती खाली वाकली, दोन बोटांनी बुडाजवळची माती बाजूला केली आणि हसायलाच लागली. "अगं, डोळा कधीच मेलाय. तू खुंट वाढवते आहेस!"

विकत मिळणारा गुलाब बहुधा दोन झाडांचा असतो. मुळं आणि खालचा बुंधा, म्हणजे खुंट, एका काटक जंगली गुलाबाचा; त्यावर हव्या त्या जातीचा डोळा, म्हणजे फांदीवरचा अंकुर, भरलेला. जोडाच्या खालून फूट आली आणि ती वेळीच काढली नाही तर खुंट सगळं अन्न ओढून घेतो आणि वरचा पाहुणा मरतो. आंब्याच्या कलमाचंही तेच. म्हणून आता कलमी रोप घेताना मी आधी जोड शोधते. तो जमिनीपासून वर, स्पष्ट दिसायला हवा. त्याच्यावरची फांदी जोमदार हवी, खालून काही फुटलेलं नको आणि जोडावरची प्लॅस्टिकची पट्टी आत रुतलेली नको. जोड मातीत पुरलेला असला तर घेत नाही. हापूस म्हणून घेतलेल्या कलमाला पाच-सहा वर्षांनी रायवळ लागला तर दाद कुणाकडे मागणार?

दरवर्षी जानेवारीत, प्रजासत्ताक दिनाच्या आसपास एम्प्रेस गार्डनला पुष्पप्रदर्शन असतं. जरूर जा, मीही जाते. पण तिथे भुरळ घालणारे पिटुनिया, डायंथस, पॅन्झी हे थंडीचे पाहुणे आहेत. मार्च तापला की ते निघाले. दोन महिन्यांचा आनंद म्हणून घ्या, मेले म्हणून हळहळू नका. मी तिथे फुलं पोटभर बघते आणि घरी एखादं कुंद किंवा अनंताचं रोप आणते. बरोबरच्या मैत्रिणीला ते कंजूषपणाचं वाटतं.

बियांच्या पाकिटावरचं चित्र बघू नका, मागचं बारीक अक्षर वाचा. १९६६ च्या बियाणे कायद्यामुळे लेबल लावलेल्या पाकिटावर उगवणशक्तीची टक्केवारी, तपासणीची तारीख आणि वैधता छापावी लागते. ही वैधता सहसा तपासणीपासून नऊ महिन्यांची असते. उगवण ७० टक्के लिहिली असेल तर दहातली तीन बी न उगवणं हा तुमचा दोष नाही. दुकानाच्या काचेपाशी उन्हात लटकणारं पाकीट घेऊ नका, तारीख काहीही असो. निळी स्ट्रॉबेरी आणि सप्तरंगी गुलाब यांच्या बिया ऑनलाइन मिळतात. मागवणाऱ्यांमध्ये माझा सख्खा भाऊ आहे, म्हणून जास्त बोलत नाही. गुलाबाच्या बिया म्हणून आल्या त्यातून राजगिऱ्यासारखं काहीतरी उगवलं. त्याने त्याची भाजी केली.

धने, मेथी, मोहरी तर डब्यात असतातच. धने मात्र लाटण्याने हलके रगडून दोन दले सुटी करायची, मग पेरायचे. पुदिना बाजारातल्या जुडीच्या काड्यांवर येतो, गवती चहा शेजाऱ्यांकडून.

कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाची, वीट पाच किलोची घ्या, छोट्या विटा महाग पडतात. पाच किलोतून ७० ते ७५ लिटर भुगा होतो. बारा इंची कुंडीत साधारण पंधरा लिटर मिश्रण बसतं. त्यात एक भाग कोकोपीट, एक माती, एक कंपोस्ट धरलं तर एका विटेत चौदा-पंधरा कुंड्या निघतात. मी पहिल्या वर्षी चार विटा आणल्या होत्या! कोकोपीटमध्ये क्षार असू शकतात. दोन-तीनदा पाण्यातून काढून मगच वापरा. कडुनिंबाचं तेल घेताना बाटलीचा आकार नाही, पीपीएमचा आकडा बघा. ३०० पीपीएमची मोठी बाटली १०,००० पीपीएमच्या छोटीपेक्षा स्वस्त दिसते, पण त्यातलं खरं औषध किती ते तो आकडा सांगतो.

अवजारांत मी फक्त दोनच गोष्टींवर पैसे घालते. एक सिकेटर, म्हणजे फांद्या छाटायची कात्री. तो स्वस्त घेतला तर फांदी कापत नाही, चेंगरते, आणि चेंगरलेल्या जागी कूज लागते. पातं आणि स्प्रिंग सुटी मिळतात का हे विचारूनच घ्यावा. दुसरं खुरपं. रंगीत मुठीच्या तीन अवजारांचा संच भेट म्हणून छान दिसतो; माझ्या संचातलं खुरपं पहिल्याच लाल मातीत वाकलं. त्यानंतर रस्त्याकडेला पाल ठोकून बसलेल्या घिसाड्याकडून ट्रकच्या कमानपाट्याचं खुरपं करून घेतलं. मुठीला लोखंडी साम, म्हणजे कडं, बसवलेली आहे, त्यामुळे लाकूड चिरत नाही. अकरा वर्षं झाली, फक्त धार लावते. दोऱ्या, पाइप, झारी, जाळी यांसाठी रविवार पेठेत बोहरी आळीत जाते. 'गार्डन' हा शब्द दुकानाच्या पाटीवर नसला की तीच दोरी निम्म्या भावात मिळते.

त्या गुलाबाचं राहिलंच. उपटून टाकणार होते, पण बहीण म्हणाली, "एवढा पोसलेला खुंट आमच्याकडेही बघायला मिळत नाही, टाकू नकोस." गेल्या हिवाळ्यात तिने तिच्या शेतातल्या लाल गुलाबाचे तीन डोळे आणून त्याच खुंटावर भरले. दोन वाळले, एक धरला. आज त्याच्यावर सात कळ्या आहेत. परवा आलेल्या शेजारणीने चहा हातात घेतला, त्याच्याकडे बघितलं आणि विचारलं, "हे रोप कुठून आणलंत?"